दुखण्याचे दिवस

गेल्या आषाढांत आमच्या घरीं घडलेली एक गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्यावांचून या विषयास आरंभ करणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करण्यास मळवलीहून एक बाई येतात. नऊ वर्षें झालीं. घरचीं मुलें त्यांना मावशी म्हणतात. लोणावळ्याचा पाऊस वाचकांस ठाऊक आहेच. त्या पावसांत लोकल धरून, भिजल्या पदरानिशीं, त्या सकाळीं साडेसातास दारांत हजर असतात. आषाढांत त्यांस विषमज्वर झाला आणि अठरा दिवस त्या येऊं शकल्या नाहींत. महिना भरल्यावर आम्हीं हिशेब केला. पगार ६,००० रुपये, म्हणजे दिवसाचे २००, अठरा दिवसांचे ३,६०० वजा, बाकी २,४००. हिशेब बिनचूक होता. पस्तीस वर्षें मुलांस त्रैराशिक शिकविलेल्या माणसाचा हिशेब चुकेल कसा! मावशींनीं पैसे मोजले, कमरेच्या पिशवींत ठेवले आणि कणीक भिजवावयास घेतली.

रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्या सूनबाईंनीं विचारलें, "बाबा, गेल्या वर्षीं मला डेंग्यू झाला तेव्हां मी बारा दिवस घरीं होतें. कारखान्यानें माझा एक पैसाहि कापला नाहीं. मग मावशींचे कां कापले?" सूनबाई तळेगांवास एका कारखान्याच्या कचेरींत काम करतात. "तुझ्या नोकरीला नियम आहेत," असें आम्ही म्हणालों. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि मावशींच्या नोकरीला?"

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येत नव्हतें, म्हणून आम्ही शोधूं लागलों.

प्रथम आमचीच गोष्ट. आम्ही शाळेंत असतां वर्षास वीस दिवस अर्धपगारी रजा आमच्या खात्यावर जमा होई, आणि डॉक्टरचा दाखला जोडल्यास तिच्या निम्म्या दिवसांची पूर्णपगारी रजा करून घेतां येई. आम्हीं ती घेतलीहि. हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं एक महिना आम्ही निजून होतों आणि पगार यथास्थित घरीं आला. हा आपला कांहीं विशेष मान आहे असें तेव्हां वाटलें नाहीं, आणि ज्यांस असा पगार मिळत नाहीं त्यांचें काय होत असेल, हा विचारहि मनास शिवला नाहीं.

ही कल्पना आपल्याकडे नवी म्हणावी, तर तसेंहि नाहीं. मनूनें सांगितलें आहे कीं, आजारी पडलेला सेवक बरा होऊन ठरलेलें काम पुरें करील तर, मध्यें कितीहि काळ गेला तरी, त्यास वेतन मिळालेंच पाहिजे. मात्र हें वेतन केलेल्या कामाचें झालें. दुखण्याच्या दिवसांचें नव्हे. शुक्रनीति याच्या पुष्कळ पुढें जाते. अर्धा पंधरवडा आजारी असलेल्या सेवकाचें वेतन यत्किंचितहि कापूं नये, दुखणें लांबल्यास तीन महिनेपर्यंत पाऊण वेतन द्यावें, आणि वर्षांतून एक पंधरवडा कामावांचूनच वेतन द्यावें, असें तिचें सांगणें आहे. या ग्रंथाच्या काळाविषयीं पंडितांत मोठा वाद असून कित्येक तो एकोणिसाव्या शतकांतला समजतात. तसें असलें तरी, ज्या कोणीं तो लिहिला त्यास सेवकाचें दुखणें हा धन्याच्या हिशेबांतला विषय वाटला, हें कांहीं थोडें नव्हे. संस्कृताचे पाठ घेतलेल्या आम्हांस त्या महिनाअखेर मात्र शुक्र आठवला नाहीं, त्रैराशिक आठवलें!

आधुनिक काळांत महाराष्ट्रांत हा प्रश्न प्रथम मोठ्यानें विचारणाऱ्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव घेतलें पाहिजे. १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारें साडेपांच हजार सह्यांचें जें निवेदन त्यांनीं सादर केलें, त्यांत रविवारची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति यांबरोबरच आणखी एक मागणी होती: काम करतांना गंभीर इजा झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. रविवारची सुटी १८९० सालीं पदरांत पडली. आजाऱ्याच्या पगाराचा मार्ग फार लांबचा ठरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारांत मजूरमंत्री असतां, प्रा. बी. पी. आडारकर यांजकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आंखण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांनीं १९४४ सालीं अहवाल दिला. त्यांतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट झाला आहे.

योजना समजण्यास कठीण नाहीं. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेंत, १ जानेवारी २०१७ पासून ठरलेल्या मर्यादेनुसार, मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या नोकराचा विमा उतरला जातो. जुलै २०१९ पासून वेतनाच्या शेंकडा पाऊण रुपया नोकर देतो आणि सव्वातीन रुपये मालक देतो. सहामाहींत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, म्हणजे पुढें दुखण्याच्या दिवसांत सरासरी वेतनाच्या शेंकडा ७० इतकी रक्कम, वर्षास ९१ दिवसांपर्यंत, मिळूं शकते. शुक्राच्या पाऊण वेतनाहून ही किंचित उणीच. पहिले दोन दिवस सामान्यतः कोरडे जातात.

परंतु ठाऊक कोणास असतें? आमचा एक जुना विद्यार्थी लोणावळ्यांतील एका हॉटेलांत वाढप्याचें काम करतो. कावीळ होऊन तो पंधरा दिवस घरीं बसला. हॉटेलानें पगार दिला नाहीं, म्हणून मालकास अर्ज लिहून घेण्यास तो आमच्याकडे आला. पगाराच्या चिठ्ठींत १०५ रुपये वजा दिसले. "हे कशाचे रे?" असें विचारलें, तर म्हणतो, "कसला तरी फंड आहे, सर." चार वर्षें तो हे पैसे भरीत होता! कावीळ झाल्यावर तो विमा योजनेच्या दवाखान्यांत न जातां गांवच्या वैद्याकडे गेला, त्यामुळें दाखला नाहीं; आणि दाखला नाहीं म्हणून पैसे नाहींत. आतां विम्याचा क्रमांक त्यानें पाकिटांत ठेवला आहे. मोठें दुखणें आल्यास चिंचवडला मोहननगरांत योजनेचें रुग्णालय आहे, हेंहि त्यास ठाऊक झालें आहे.

लहान दुकानांची स्थिति याहून बिकट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यांत वर्षास आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागें एक दिवसाची रजा आहे. परंतु आजारपणाची म्हणून स्वतंत्र रजा नाहीं. शिवाय दहा नोकरांची मूळ मर्यादा २०२५ सालीं वीसवर नेण्यांत आली. आमच्या बाजारांत वीस नोकरांचीं चिक्कीचीं दुकानें किती निघतील? त्यांत लोणावळ्याचें दैव असें कीं, आषाढ-श्रावणांत भुशी धरणावर लोटणारी गर्दी हाच येथील धंद्याचा हंगाम, आणि ताप, खोकला, हगवण यांचाहि तोच. ज्या शनिवारीं नोकराचें अंग फणफणतें, त्याच शनिवारीं मालकास तो सर्वांत अधिक हवा असतो. तो तापांतच पाकिटें बांधतो, आणि तीं आपण मुंबई-पुण्याच्या नातवंडांस नेतों.

आतां मावशींचा कायदा. २००८ सालीं महाराष्ट्रांत घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यांत नोंदणी आहे, साहाय्य आहे, परंतु दुखण्याच्या दिवसांचा पगार द्या असें आम्हां घरधन्यांस बजावणारें कांहीं नाहीं. म्हणजे सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच कीं, मावशींच्या नोकरीचा नियम आमच्या घरांतच व्हावयाचा होता, आणि तो आम्हीं २,४०० रुपयांचा केला होता.

आमच्या धाकट्या बंधूंचें मत पडलें कीं, अशानें सवय लागते. आज विषमज्वर, उद्यां डोकेंदुखी. वहिनींनीं त्यांस विचारलें, "नऊ वर्षांत मावशी किती दिवस आल्या नाहींत, सांगा बरें?" ते त्यांस सांगतां येईना. आम्हांसहि येईना; कापण्यासारखे दिवस पूर्वीं पडलेच नव्हते.

पुढील महिन्यांत ३,६०० रुपये निराळ्या पाकिटांत घालून दिले. मावशींनीं विचारलें, "हे कसले?" आम्ही म्हणालों, "दुखण्याच्या दिवसांचे." पाकीट हातांत तसेंच धरून त्या म्हणाल्या, "दिवाळींतून वळते करणार का, अण्णा?" नाहीं म्हटल्यावर त्यांनीं तें घेतलें. मार्गशीर्षांत त्या दोन दिवस आल्या नाहींत आणि तिसऱ्या दिवशीं खोकत खोकत साडेसातास दारांत उभ्या राहिल्या. सूनबाईंनीं चहा दिला, रिक्षा बोलाविली आणि त्यांस परत स्टेशनावर पोंचतें केलें. त्या दिवशीं पोळ्या बंधूंनीं लाटल्या.