रिमवर बसला म्हणून टायर जुळला नव्हे
व्हिंटेज मोटारींसाठी योग्य टायर शोधताना काय पाहावे?

हिवाळा आला की मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता या शहरांत व्हिंटेज मोटारींच्या रॅलींचे वेध लागतात. चकाकणारे पितळी दिवे, लांबलचक बॉनेट आणि लाकडी स्टिअरिंग यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड उडते. या गर्दीत खाली वाकून चाकांकडे पाहणारा प्रेक्षक विरळाच. मोटारीच्या मालकाशी बोलणे काढले, तर तो मात्र टायरचीच व्यथा आधी सांगतो. इंजिनाचा सुटा भाग लेथवर घडवून घेता येतो, पत्रा ठोकून मडगार्ड तयार होते, हुड नव्याने शिवता येते. टायर मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये घडवता येत नाही. तो विकतच आणावा लागतो आणि हव्या त्या मापाचा टायर बाजारात नसतो.

अशा वेळी मिळेल तो टायर चढवण्याकडे कल वाढतो. रिमवर बसला, हवा धरली, गाडी चालली, म्हणजे काम झाले असा समज असतो. हा समज धोक्याचा आहे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या मोटारीला ना सीटबेल्ट, ना आधुनिक ब्रेक. धावत्या गाडीचा पुढचा टायर फुटला तर चालकाला सावरायला फारसा वाव मिळत नाही. म्हणूनच टायर 'बसतो' का, एवढेच पाहून भागत नाही. त्याची जात, माप, वजन पेलण्याची ताकद आणि वय या चारही गोष्टी जुळाव्या लागतात.

मापे गेली कुठे?

भारतात टायरनिर्मितीला मोठी सुरुवात झाली ती १९३६ मध्ये, पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंज येथे डनलॉपचा कारखाना उभा राहिला तेव्हा. पाठोपाठ मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना आला. हे दोन्ही कारखाने काळाच्या ओघात बंद पडले. परंतु मापे लुप्त होण्याचे खरे कारण वेगळे आहे. प्रत्येक मापाच्या टायरसाठी स्वतंत्र पोलादी साचा लागतो आणि तो खर्चिक असतो. हजारो टायर खपणार असतील तरच कारखानदाराला तो साचा यंत्रावर चढवणे परवडते. एखाद्या मापाच्या मोजक्याच मोटारी शिल्लक राहिल्या की ते माप उत्पादनातून बाद होते.

त्यातच टायरची रचनाही बदलली. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि पुढील काही दशकांत या रचनेने मोटारींचा बाजार व्यापला. त्यापूर्वीच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जात. आपल्याकडे बोलीभाषेत त्याला 'नायलॉन टायर' म्हणतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. व्हिंटेज मोटार मात्र तिरक्या थरांच्या टायरसाठीच बनलेली असते.

आकड्यांची भाषा

शोधाची सुरुवात मोटारीच्या मूळ माहितीपुस्तिकेपासून करावी. सध्या चाकावर असलेल्या टायरवरील आकडा प्रमाण मानू नये. आधीच्या मालकानेही 'मिळेल तो' टायर चढवलेला असू शकतो.

आकडे वाचण्याच्या तीन तऱ्हा आहेत. अगदी जुन्या मोटारींसाठी टायरचा बाहेरचा पूर्ण व्यास आणि जाडी दिली जात असे. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ इंचांचे टायर असत. मागच्या टायरच्या व्यासातून दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की रिम २३ इंचांची निघते. युरोपीय मोटारींवर हीच पद्धत मिलिमीटरमध्ये आढळते. उदाहरणार्थ, ८१५ × १०५.

या काळातील अनेक टायर 'बीडेड एज' प्रकारचे आहेत. त्यांच्या कडेत पोलादी तार नसते. रबराची कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकते आणि केवळ हवेच्या दाबाने तेथे टिकून राहते. दाब उतरला तर टायर रिम सोडू शकतो. तारेच्या कडेचा टायर अशा रिमवर आणि बीडेड एजचा टायर साध्या रिमवर कधीही चढवू नये.

दुसरी तऱ्हा १९२० च्या दशकापासून रूढ झाली. यात आधी जाडी आणि मग रिमचा व्यास येतो. 'एमजी टीसी'चा टायर ४.५०-१९, विलीस जीपचा ६.००-१६, फोक्सवॅगन बीटलचा ५.६०-१५ आणि आपल्या प्रीमियर पद्मिनीचा ५.२०-१४. तिसरी तऱ्हा आजची, म्हणजे २०५/७५ आर १६ अशी. यातील पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि शेवटचा रिमचा व्यास.

जुन्या मापाला नवे माप शोधताना गल्लत होते ती येथेच. जीपचेच उदाहरण घेऊ. ६.००-१६ या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे २८ इंच भरतो. २०५/७५ आर १६ चा व्यासही हिशेबाने २८ इंचांच्या आसपासच येतो. कागदावर दोन्ही जुळले. रुंदीत मात्र तब्बल दोन इंचांचा फरक आहे. जीपची मूळ रिम साडेचार इंच रुंद. तिच्यावर हा रुंद टायर आवळला जातो, मधला भाग फुगतो आणि टायर रस्त्यावर समतल टेकत नाही. स्टिअरिंगही जड होते.

उंची चुकली तर वेगळाच घोळ होतो. मूळ २९ इंच व्यासाच्या टायरऐवजी २६ इंचांचा बसवला, तर काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ५४ च्या वेगाने जात असते. इंजिनाला तेवढ्याच अंतरासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात आणि जुन्या इंजिनावर ताण येतो.

बैलगाडीच्या टायरचा मोह

भारतातील हौशी मंडळींपुढे एक खास मोह असतो. १९ इंची मोटारटायर येथे दुर्मीळ असले, तरी ६.००-१९, ७.००-१९ या मापांचे टायर देशात आजही बनतात. ते असतात बैलगाडीसाठी. साखर कारखान्यांच्या परिसरात उसाने लादलेल्या टायरगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे टायर परिचित असतील. आकडा तोच, रूपही जुन्या वळणाचे आणि किंमत आयात टायरच्या तुलनेत किरकोळ.

परंतु हा टायर बैलांच्या चालीसाठी बनवलेला असतो. वजन पेलण्याची त्याची ताकद मोठी असली, तरी वेगात निर्माण होणारी उष्णता सोसण्याची अपेक्षा त्याच्याकडून नसते. टायर फिरताना सतत दबतो आणि सुटतो. त्यातून उष्णता तयार होते. वेग वाढला की उष्णता वाढते आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला असा टायर चालून जाईल. महामार्गावरून रॅलीला जाणाऱ्या गाडीला तो लावणे म्हणजे संकटाला निमंत्रणच.

वजनाचा हिशेबही प्रत्येकाने करावा. प्रवाशांसह २,८०० किलो भरणाऱ्या एखाद्या संस्थानी थाटाच्या मोटारीत प्रत्येक चाकावर सरासरी ७०० किलो भार येतो. टायरवरील भारनिर्देशांक ९१ असेल तर त्याची क्षमता ६१५ किलो, म्हणजे तो अपुरा. येथे किमान ९६, म्हणजे ७१० किलोंचा टायर हवा. मागच्या आसाला अधिक भार येत असेल, तर त्याहूनही वरचा. टायर रिमवर बसला हे खरे, पण हे वजन पेलण्यास तो असमर्थ ठरतो.

रेडियल लावावा का?

रेडियलने पकड सुधारते आणि गाडी सरळ रेषेत चालते, हे खरे. म्हणून काही मालक रेडियलकडे वळतात. बीटलसारख्या मोटारीबाबत हे सोपे आहे, कारण पुढे कंपनीनेच तिला १५५ आर १५ रेडियल दिले होते. त्याहून जुन्या मोटारींबाबत मात्र सावधगिरी हवी. रेडियलची पकड घट्ट असल्याने वळणावर येणारा ताण थेट रिमवर, आऱ्यांवर आणि सस्पेन्शनवर जातो. हे भाग त्या ताणासाठी घडवलेले नसतात. रिमला तडे आहेत का, आरे सैल आहेत का, हे तपासूनच निर्णय घ्यावा.

एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन हे मिश्रण कदापि करू नये. नाइलाजाने दोन्ही प्रकार वापरावे लागले, तर रेडियलची जोडी मागेच हवी. रेडियल पुढे आणि नायलॉन मागे ही रचना ब्रिटनमध्ये कायद्याने निषिद्ध आहे, कारण वळणावर गाडीची मागची बाजू आधी घसरते. तारेच्या आऱ्यांच्या चाकात ट्यूब अत्यावश्यक असते. आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटत असल्याने ट्यूबलेसचा प्रश्नच उद्भवत नाही.

नक्षी शाबूत, टायर मृत

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. साहजिकच ती वर्षाकाठी मोजकेच किलोमीटर धावते आणि टायरची नक्षी वर्षानुवर्षे नवी दिसते.

फसगत होते ती नेमकी यामुळे. रबर वापराने झिजते, तसेच ते हवेतील ऑक्सिजन व ओझोनमुळे, उन्हामुळे आणि उष्णतेमुळे कडकही होत जाते. बाजूंवर बारीक भेगा दिसू लागतात. आतील थरांचे सुटणे तर बाहेरून दिसतही नाही. मिशेलिन कंपनीचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि उत्पादनापासून दहा वर्षांनी टायर बदलावाच. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व बसगाड्यांच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी घातली.

वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर 'डीओटी' अक्षरांनंतरच्या मालिकेत शेवटी चार आकडे असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालातील तेविसावा आठवडा. २००० पूर्वीच्या टायरवर तीनच आकडे असत. तीन आकडे दिसले, तर तो टायर नक्षी कितीही चांगली असो, रस्त्यासाठी बाद समजावा. कुर्ल्याच्या किंवा पुण्यातील नाना पेठेच्या बाजारात एखादा 'न वापरलेला' जुना टायर हाती लागला, तर आनंद होण्यापूर्वी हा आकडा पाहावा. जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवून घेण्याचा पर्यायही याच कारणाने टाळावा.

मिळतात कुठे?

जगात या टायरची छोटी, पण जिवंत बाजारपेठ आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली कोकर टायर ही कंपनी फायरस्टोन, बी. एफ. गुडरिच अशा जुन्या नाममुद्रांचे टायर परवान्याने बनवते. ब्रिटनमध्ये ब्लॉकली आणि लाँगस्टोन ही नावे प्रसिद्ध आहेत. मिशेलिन आणि पिरेली याही जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र मालिका काढतात. हे टायर दिसायला जुने आणि बनावटीने नवे असतात. बाहेरून नायलॉनसारखे दिसणारे रेडियलही आता मिळतात.

ते भारतात आणणे मात्र सरळ नाही. मोटारींच्या टायरसाठी देशात भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची सक्ती आहे. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात 'मुक्त' गटातून काढून 'निर्बंधित' गटात टाकली, म्हणजे परवाना आवश्यक केला. हे धोरण बदलत असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ताज्या अधिसूचना आणि सीमाशुल्क दलालाचा सल्ला घ्यावा. अन्यथा टायर बंदरात आणि गाडी जॅकवर अशी स्थिती ओढवते.

जीप, पद्मिनी यांसारख्या गाड्यांच्या मालकांनी आधी देशी उत्पादकांच्या सूचीत शोध घ्यावा. त्याहून जुन्या गाडीसाठी रॅली जाहीर होण्याची वाट न पाहता काही महिने आधी मागणी नोंदवावी. स्टेपनी धरून पाच टायर आणि पाच ट्यूब एकदमच मागवाव्यात, म्हणजे सर्वांचे वय सारखे राहते. टायर हाती आल्यावर उत्पादनाचा आठवडा तपासावा, रिमचा गंज घासून काढावा, आऱ्यांवर नवी रबरी पट्टी चढवावी आणि मगच टायर बसवावा. मूळ टायर सुस्थितीत असेल तर फेकू नये. प्रदर्शनात गाडीसोबत तो जरूर मांडावा, रस्त्यावर मात्र नव्या टायरनेच जावे.