वहीच्या शेवटच्या पानावरील मोटार

आमच्या निवासी शाळेत वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार आढळते. पुढील पानांवर इतिहासाची उत्तरे असतात आणि शेवटच्या पानावर शर्यतीची मोटार असते. रुंद चाके, मागे उंच पंख, दारावर वर्तुळात क्रमांक. सुट्टीत मोबाइलवर खेळलेल्या शर्यतींतून ती वहीत उतरलेली असते. पूर्वी अशा पानावर आम्ही लाल शाईने ‘वेळेचा अपव्यय’ असा शेरा मारीत असू. तो शेरा आमच्याच अज्ञानाचा होता. म्हणून या कलेची थोडी ओळख येथे करून देत आहोत.

शर्यतीच्या मोटारीवरील रंगांच्या व चिन्हांच्या मांडणीला ‘लिव्हरी’ म्हणतात. आरंभी तिचे काम ओळख पटविण्याचे होते. ब्रिटनच्या मोटारी हिरव्या, इटलीच्या तांबड्या, फ्रान्सच्या निळ्या, असा संकेत होता. १९६८ पासून लोटससारख्या संघांनी फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकांचे रंग आणले आणि राष्ट्रीय रंग मागे पडले. भारतात २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली, ती उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. हे नाव ऐकून आमची मुले चकित होतात.

मोटार हा चित्रफलक होऊ शकतो, हे १९७५ मध्ये दिसले. फ्रेंच लिलावकर्ते व शर्यतपटू एर्वे पूलँ यांच्या कल्पनेतून अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी बीएमडब्ल्यू रंगविली आणि ती ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली. १९७९ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी अर्ध्या तासाच्या आत स्वहस्ते रंगविलेली मोटार तेथेच सहावी आली. मात्र आम्हांला सर्वांत जवळच्या वाटतात त्या दक्षिण आफ्रिकेच्या एस्तर म्हलांगू. आई व आजीकडून त्या लहानपणी घराच्या भिंती रंगवायला शिकल्या. वर्णभेदाचे कायदे रद्द होत होते त्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्यांनी आपल्या एंडेबेले समाजाची भिंतीवरील नक्षी मोटारीवर उतरविली. या मालिकेतील त्या पहिल्या महिला. ज्या नक्षीकडे घरकाम म्हणून पाहिले गेले, ती जगाने कला म्हणून पाहिली.

मुलांनी आरंभ कसा करावा? ग्रान टुरिस्मो व फोर्झा या खेळांत लिव्हरी रचण्याची सोय आहे. तेथे वर्तुळ, त्रिकोण, पट्टा असे साधे आकार थरांवर थर ठेवून चित्र सिद्ध होते. हीच रीत कागदावरही चालते. प्रथम मोटारीची बाजू, माथा, पुढचा व मागचा भाग स्वतंत्र रेखाटावेत. एक मूळ रंग व फार तर दोन साथीचे रंग निवडावेत. पट्टे मोटारीच्या उतारासोबत वाहावेत. क्रमांकाचा रंग पार्श्वभूमीशी विरोधी असावा. चित्र भिंतीवर लावून वीस पावलांवरून क्रमांक वाचता येतो का, ते पाहावे. दुसऱ्या बाजूसाठी नक्षी उलटी करावी, पण अक्षरे व अंक उलटू नयेत. ही चूक बहुतेक सर्वांकडून होते. शेवटी पुठ्ठ्याची मोटार करून तिच्यावर रंग चढवावा. कंपन्यांची चिन्हे उतरवून काढण्यापेक्षा स्वतःचे चिन्ह शोधावे: पिंपळाचे पान, गावची विहीर, आईच्या लुगड्याचा काठ.

अशाच एका उपक्रमात मुलांचे पट्टे वेडेवाकडे येऊ लागले. एक अबोल मुलगा पुढे आला. त्याने कागदी टेप चिकटवून कडा बांधल्या, पॉलिश पेपरने पुठ्ठा घासला, रंगाचे पातळ हात दिले आणि पुरता सुकण्यापूर्वीच टेप हळूच उचलली. कड सुरीने कापल्यासारखी आली. कोठे शिकलास, असे विचारता तो खाली पाहू लागला. त्याचे वडील गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे काम करतात, हे त्याने वर्गात कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी त्याने सांगितले आणि नंतर सारा वर्ग त्याच्याकडून शिकला.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात मांडले. हाताच्या कामाला हीन ठरविणारी ही विभागणी मुलांच्या मनातही उतरते आणि बापाचा व्यवसाय लपवायला लावते. शर्यतीच्या मोटारीमागे मात्र रेखाटणारा, पत्रा ठोकणारा, रंग देणारा आणि चालविणारा असे सारेच उभे असतात. एकाचे काम चुकले तर सर्वांचे चुकते. हे मुलांना व्याख्यानापेक्षा पुठ्ठ्याच्या मोटारीतून लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे. अभ्यास सुटू देऊ नये, खेळाच्या वेळेला मर्यादा घालावी. पण शेवटचे पान फाडू नये. त्यावर काय काढले आहे, ते मुलाला विचारावे आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. आम्ही आता लाल शाईने तेथे एकच प्रश्न लिहितो: ‘दुसरी बाजू कोठे आहे?’