निश्चय आणि राजीखुशी : चिनी म्हणींचा धडा

निश्चयाच्या म्हणी प्रत्येक भाषेत असतात. आपणही 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणतो, 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतो. मग चिनी म्हणींकडे कशासाठी वळावयाचे? त्यास एक कारण आहे. निश्चय कोणाचा आणि तो कोणाच्या राजीखुशीने, हा प्रश्न त्या म्हणींतून पुन्हा पुन्हा डोकावतो. ज्यांस दहा माणसे बरोबर घेऊन काम करावयाचे असते, त्यांस तो रोज पडतो. कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांस तर तो पदोपदी पडतो.

प्रथम या म्हणींची घडण पाहू. चिनी भाषेत 'चेंगयू' नावाचे वाक्प्रचार आहेत. ते बहुधा चार अक्षरांचे असतात आणि त्यांच्यामागे पुष्कळदा एक अख्खी गोष्ट उभी असते. 'भगीरथ प्रयत्न' म्हटले की आपणांस गंगावतरणाची कथा सांगावी लागत नाही, तसेच हे. 'निश्चय' या अर्थाचे जे चिनी अक्षर आहे, त्याच्या खालच्या भागात 'हृदय' आहे. वरच्या भागात प्राचीन लिपीत 'जाणे' ही खूण होती. हृदय जिकडे निघाले, तो निश्चय!

एकट्याच्या निश्चयाची म्हण पाहावयाची तर 'काटक्यांवर निजणे, पित्त चाखणे' ही घ्यावी. युए देशाचा राजा गोउज्यान इ. स. पूर्व ४९४ मध्ये वू देशाकडून पराभूत झाला. अपमानाचा विसर पडू नये म्हणून तो पित्ताशय टांगून ठेवी आणि त्याची कडू चव घेई. काटक्यांच्या बिछान्याची भर पुढच्या काळात पडली. इ. स. पूर्व ४७३ मध्ये त्याने वू राज्य बुडविले. एकवीस वर्षांची ही चिकाटी! उलट, आरंभशूरांसाठी चिनी माणूस म्हणतो, 'तीन दिवस मासेमारी, दोन दिवस जाळी वाळवणे.'

आता दुसऱ्यांच्या निश्चयाचा प्रश्न. 'कढया फोडा, नावा बुडवा' ही म्हण सेनापती श्यांग यू याची. इ. स. पूर्व २०७ मध्ये नदी ओलांडताच त्याने नावा बुडविल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि तीन दिवसांची शिधासामग्री तेवढी ठेवली. सैनिकांपुढे परतीची वाटच उरली नाही. ते जिवावर उदार होऊन लढले आणि जिंकले. या युक्तीने लढाई जिंकता येते, हे खरे. परंतु पाच वर्षांनी, इ. स. पूर्व २०२ मध्ये, श्यांग यू सर्वस्व गमावून बसला आणि त्याने स्वतःचा अंत करून घेतला.

याच्या शेजारी 'मूर्ख म्हातारा डोंगर हलवतो' ही म्हण ठेवून पाहावी. 'लिएझ' या ग्रंथातील ही गोष्ट. नव्वदीला टेकलेल्या म्हाताऱ्याच्या घरासमोर ताइहांग आणि वांगवू हे दोन डोंगर आडवे होते. ते खणून काढावयाचे त्याने ठरविले. एका शहाण्याने त्याची थट्टा केली, तेव्हा म्हाताऱ्याने सांगितले की आपल्यामागे मुले, त्यांच्यामागे नातवंडे आहेत. डोंगर मात्र वाढत नाही. शेवटी देवाने डोंगर उचलविले. एवढे सर्वांस ठाऊक असते. आमचे लक्ष मात्र आरंभाकडे जाते. म्हाताऱ्याने कुदळ उचलण्यापूर्वी घरच्या सर्वांची बैठक घेतली! बायकोने शंका काढली की माती-दगड टाकणार कोठे? त्यावर बोहाई समुद्रात, असे उत्तर मिळाले. मग सर्व राजी झाले, आणि शेजारच्या विधवेचा दुधाचे दात पडण्याच्या वयाचा मुलगाही उड्या मारीत मदतीस आला. शंकेस येथे जागा होती, म्हणूनच काम पिढ्यान्‌पिढ्या चालण्याजोगे झाले.

राजीखुशीला चिनी भाषेत जो चार अक्षरी शब्द आहे, त्याचा भावार्थ 'मन गोड, इच्छा राजी' असा. त्याच गोडीची दुसरी म्हण : 'पिळून तोडलेले खरबूज गोड लागत नाही.' आणि 'रोप ओढून वाढवणे' ही मेन्सियसने सांगितलेली गोष्ट : सुंग देशाच्या शेतकऱ्यास पिकाची घाई झाली, म्हणून त्याने एकेक रोप वर ओढले. मुलगा धावत जाऊन पाहतो तो सारे शेत सुकलेले!

हे शहाणपण ज्या देशात जन्मले, तेथेच त्याचा विसर पडला. जून १९४५ मध्ये माओ त्से-तुंग यांनी पक्षाच्या सातव्या अधिवेशनात त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. साम्राज्यवाद आणि सरंजामशाही हे दोन डोंगर, आणि जनता हाच देव. रूपक उत्तम होते. परंतु १९५८ च्या 'मोठ्या उडी'त, जेवढे माणसाचे धैर्य तेवढे जमिनीचे पीक, अशी घोषणा निघाली. या घोषणेतील 'धैर्य' आणि गोउज्यानचे 'पित्ताशय' यांचे चिनी अक्षर एकच आहे. राजाने कडू चव स्वतः घेतली होती. येथे ती शेतकऱ्यास घ्यावी लागली. शंका काढणे हा गुन्हा ठरला, पिकाचे आकडे फुगविले गेले आणि त्या फुगीर आकड्यांवर धान्यवसुली झाली. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात मेलेल्यांची गणती कोटींत केली जाते.

'अनेकांचा निश्चय म्हणजे तटबंदी' अशीही एक चिनी म्हण आहे. आपल्या 'गाव करी ते राव न करी' या म्हणीची ती सख्खी बहीण. तट बांधावयाचा तर प्रत्येक दगड आपल्या जागी नीट बसावा लागतो. नुसता रेटून बसविलेला दगड पहिल्या पावसात निखळतो. म्हणून लोकांकडून निश्चय मागण्यापूर्वी म्हाताऱ्याप्रमाणे बैठक घ्यावी, आणि माती कोठे टाकावयाची, या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे.