घरातली नाव आणि पाहुण्या मधमाश्या

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत नाव कुठून येणार? तरीही माझे थोरले भाऊ रोज सकाळी वीस मिनिटे वल्ही मारतात. त्यांना आम्ही भाईजान म्हणतो. डॉक्टरांनी त्यांना हलका व्यायाम सांगितला आहे, म्हणून घरात वल्हवण्याचे यंत्र आणले.

या यंत्राला मागेपुढे सरकणारी बैठक आणि ओढायला एक दांडी असते. आधी पायांनी रेटा द्यायचा, मग पाठ किंचित मागे न्यायची आणि शेवटी दांडी पोटाकडे ओढायची. परतताना हा क्रम उलटा करायचा. यात बहुतेक जोर पायांचा असतो. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी भागातल्या गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले. मग घरात वल्हवायला काय हरकत?

पण एके दिवशी हरकत आलीच! यंत्र गच्चीलगतच्या खोलीत होते. तिथल्या भिंतीच्या पोकळीत सातेरी मधमाश्यांनी घर केले. अम्मींना पूर्वी एकदा माशी चावली, तेव्हा त्यांच्या अंगभर गाठी उठल्या होत्या आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले होते. त्यामुळे आम्ही घाबरलो. शेजारी म्हणाले, "टेंभा लावून जाळून टाका." आम्ही मात्र मधपाळांना बोलावले. मधपाळ म्हणजे मधमाश्या पाळणारा जाणकार.

यंत्र पाहून ते भाईजानना म्हणाले, "हे आधी इथून हलवा. भिंत हादरली की माश्या बिथरतात. धापा टाकणाऱ्याचा श्वास आणि घामाचा वासही त्यांना चिडवतो."

"पण माझा व्यायाम?" भाईजाननी विचारले.

"व्यायाम करा, पण आतल्या खोलीत आणि बेताने."

मग दिवसाची आखणी झाली. काम सुरू होण्यापूर्वी सकाळी दहा मिनिटे आणि दुपारी दार-खिडक्या लावून दहा मिनिटे. बंद खोलीत उकडते, म्हणून जवळ पाणी ठेवले. वल्हवताना सहज बोलता आले पाहिजे, हीच गतीची खूण. शिवाय मधपाळांनी हाक मारली, तर ती ऐकूही यायला हवी. अम्मी त्याच खोलीत बसल्या होत्या.

बाहेर मधपाळांनी जाळीचा बुरखा घातला आणि धूर दिला. धुरामुळे माश्यांचा धोक्याचा इशारा देणारा वास झाकला जातो. शिवाय त्या पोटभर मध पितात आणि शांत होतात. मग त्यांनी पोळी कापून लाकडी पेटीतल्या चौकटींना बांधली. राणीमाशी पेटीत गेली, तशा इतर माश्याही तिच्यामागे आत गेल्या. आम्हांला वाटले, काम झाले! पण मधपाळ म्हणाले, "घाई नको. फुलांवर गेलेल्या माश्या अजून परतायच्या आहेत." पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच राहिली. रात्री तिचे दार बंद करून ते ती घेऊन गेले. जाण्यापूर्वी त्यांनी पोकळीतले मेण खरवडले आणि भोक बुजवायला सांगितले. नाहीतर त्या वासाने दुसऱ्या माश्या येतात.

मुलांनो, मधमाशी चावलीच, तर तिथून दूर व्हा आणि काटा लगेच नखाने खरवडून काढा. चेहरा सुजला किंवा श्वास अडला, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

मधमाश्या फुलांचे पराग वाहून नेतात, म्हणून अनेक पिकांना फळ धरते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ पासून 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. त्या दिवशी आमच्या घरी ना व्यायाम चुकला, ना कुणाला माशी चावली, ना पोळे जळाले. थोडी आखणी आणि थोडा सब्र, एवढेच त्यासाठी पुरले.