परसबागेचा मे महिना

शाळेची परसबाग लावायला माणसं मिळतात, जगवायला मिळत नाहीत. जूनमध्ये पाऊस असतो, मुलं असतात, फोटोही निघतात. बाग मरते ती मे महिन्यात, शाळेला कुलूप असताना. भिवंडी परिसरातल्या एखाद्या शाळेला हातभार लावायचा असेल, तर काय लावायचं याआधी सुट्टीत पाणी कोण घालणार हे ठरवा.

सुरुवात मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीपासून करावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. फाटकाची चावी सांभाळणारा शेजारी बहुधा त्यांच्यातच सापडतो. नंतर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना भेटा. त्यांना न विचारता लावलेला पाला शेवटी बकरी खाते.

अपेक्षा बेताची ठेवावी. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी, हे पोषण आहाराचं प्रमाण. १०० मुलांना दिवसाला ५ किलो लागते. गुंठाभर पालक नीट आला तर हंगामात साधारण क्विंटलभर निघतो, म्हणजे वीसेक दिवसांची सोय. बाग बाजाराला पर्याय नाही. ती बाजाराला जोड आहे.

तालुक्यातल्या गावांत शाळेला अंगण असतं. शहरात यंत्रमागांच्या खडखडाटात बसलेल्या शाळेला अनेकदा फरशीच असते. केंद्राच्या २०१९ च्या शालेय पोषण बागेच्या सूचना अशा ठिकाणी डबे, कुंड्या, गच्चीही चालवून घेतात. पण गच्चीचं जरा जपून. घनफूटभर ओली माती सुमारे ५० किलो भरते, म्हणून इमारत जाणणाऱ्याला विचारल्याशिवाय वाफा वर चढवू नका. कारखान्यातली रंगीत चिंधी आच्छादनाला फुकट मिळते, तीही नको. तिच्यात कोणता रंग, कोणतं रसायन आहे हे आपल्याला कळत नाही. भाताचा पेंढा, वाळका पाला उत्तम.

इथला पाऊस पालेभाजी कुजवतो. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे उंच करून त्यांवर भेंडी लावावी, आणि मांडवावर शिराळी, काकडी, पडवळ चढवावं. बी एकदम न टाकता पंधरा दिवसांच्या अंतराने टाकलं की भाजी एकाच आठवड्यात ढिगाने येत नाही. वेलींना फळमाशी लागते. माशीला ओढणाऱ्या क्यूल्युर या आमिषाचा सापळा टांगा, डागाळलेली फळं तोडून खोल पुरा. मुलांच्या अंगणात रासायनिक फवारणी नको. दसरा झाला की मेथी, पालक, मुळा. मेथी महिनाभरात हाती येते, आणि मुलांचा धीर तेवढाच असतो!

हात धुण्याच्या नळाखालचं पाणी गटारात सोडण्यापेक्षा चर काढून अळू आणि केळीला द्यावं. शेवगा आणि कढीपत्ता एकदा रुजले की फारसे लाड मागत नाहीत. उन्हाळ्यात ही मंडळी टिकली तरी पुष्कळ.

उरलेल्या रोपांसाठी साधं, न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि भरून ठेवा. पाणी मातीतून हळूहळू झिरपतं, त्यामुळे चावीवाल्याला रोज यावं लागत नाही. तीन-चार दिवसांनी एक फेरी पुरते. झाकण मात्र विसरू नका, नाहीतर जूनमध्ये मुलांच्या आधी डास हजेरी लावतील.