नौकेतील गाद्या व फोम

नौकेतील बैठका व निजण्याच्या फळ्या यांवरील गाद्यांत भरण्यात येणाऱ्या हलक्या, सच्छिद्र व स्थितिस्थापक पदार्थास फोम म्हणतात. घरगुती गादीसाठी फोम निवडताना मऊपणा, टिकाऊपणा व किंमत एवढे पाहिले तरी चालते. नौकेत मात्र फोम पाणी शोषतो की नाही, हा प्रश्न प्रथम येतो. भिजणारी गादी नौकेवरील भार वाढविते, तर न भिजणारी गादी स्वतः तरंगते व प्रसंगी माणसासही आधार देते.

पूर्वपीठिका : कोंडलेल्या हवेच्या आधारे तरंगण्याचे तत्त्व कृष्णाकाठी पूर्वापार परिचित आहे. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड याच तत्त्वावर तरंगते. पांढऱ्या सावरीच्या कापसाचे तंतू पोकळ असून त्यांवर मेणचट थर असल्याने ते सहजासहजी भिजत नाहीत. म्हणून जीवरक्षक जाकिटांत हा कापूस भरीत असत. साधा कापूस पाणी शोषतो व सावकाश वाळतो. १९२९ साली ब्रिटनमधील डनलॉप कंपनीत रबराच्या चिकापासून फोम तयार करण्यात आला. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनाचा शोध लावला. १९५० नंतरच्या दशकात त्याचा लवचिक फोम बाजारात आला व गाद्यांसाठी सर्वत्र रूढ झाला.

प्रकार : फोममधील सूक्ष्म पोकळ्यांना कोशिका म्हणतात. नेहमीच्या गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोममधील कोशिका एकमेकींत उघडणाऱ्या असतात. त्यांतून हवा ये-जा करीत असल्याने हा फोम मऊ लागतो. परंतु त्याच वाटेने पाणीही आत शिरते. पॉलिएथिलिनाच्या फोममध्ये प्रत्येक कोशिका बंद असते. तो पाणी जवळजवळ शोषत नाही, पण बसण्यास कठीण लागतो. तिसरा प्रकार जाळीदार फोमचा होय. यातील कोशिकांचे पापुद्रे काढून टाकलेले असल्याने पाणी थांबत नाही, निथळून जाते. तो लवकर वाळतो, मात्र महाग असतो व तरंगण्यास आधार देत नाही.

पहिल्या दोन प्रकारांतील भेद आकड्यांनी स्पष्ट होतो. ४५ सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद व ५ सेंमी. जाड गादीचे घनफळ सु. १० लिटर भरते. दर घ. मी.ला ३० किग्रॅ. घनता धरल्यास तिच्यातील फोमचे वजन सु. ३०० ग्रॅ. होते. खुल्या कोशिकांची गादी पूर्ण भिजल्यास वजन सु. १० किग्रॅ. होते. अशा दहा गाद्या म्हणजे नौकेत दीड प्रौढ माणसाइतका जादा भार होय. शिवाय तो बैठकीच्या उंचीवर असल्याने नौकेचे स्थैर्य घटते. तेवढीच बंद कोशिकांची गादी पाण्यात पडल्यास उलट सु. ९·७ किग्रॅ. भार तोलून धरते.

निवड : घनता व दृढता हे गुणधर्म वेगळे असून त्यांची गल्लत होऊ देऊ नये. घनता म्हणजे एकक घनफळाचे वजन. तिच्यावर मुख्यतः टिकाऊपणा अवलंबून असतो. दृढता म्हणजे फोम ठराविक प्रमाणात दाबण्यास लागणारे बल. जड फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम कडक. बैठकीसाठी घ. मी.ला ३२ ते ४० किग्रॅ. घनतेचा दृढ फोम योग्य ठरतो. त्याहून बराच हलका फोम लवकर चपटा होतो व खालची फळी टोचू लागते. बैठकीस ५ ते १० सेंमी., तर निजण्याच्या फळीस सु. १० सेंमी. वा अधिक जाडी लागते. खाली बंद कोशिकांचा २ ते ३ सेंमी. थर व वर मऊ फोम अशी जोडणी केल्यास सोय व सुरक्षितता यांचा मेळ बसतो. विकत घेताना लहान तुकडा पाण्यात दाबून सोडून पाहावा. खुल्या कोशिकांचा फोम पाणी ओढून घेतो.

सूर्यप्रकाशाने पॉलियुरेथेन पिवळे पडून भुरभुरीत होते व जळताना विषारी वायू सोडते. म्हणून ते उघडे ठेवू नये व विस्तवापासून दूर ठेवावे. रेक्झिनच्या खोळीला तळाशी जाळीचे कापड लावल्यास आत शिरलेले पाणी निचरते. शिवण पॉलिएस्टर धाग्याची असावी. सुती धागा ओलाव्यात कुजतो.

सातारा-सांगली परिसर : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात पर्यटकांच्या होड्या चालतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोली या बाजूंस लाँच हे काठच्या गावांचे दळणवळणाचेही साधन आहे. येथील प्रवास काही तासांचा असल्याने निजण्याच्या गाद्यांपेक्षा बैठकीच्या गाद्यांचे महत्त्व अधिक. पाणी गोडे असल्याने मिठाचा उपद्रव नाही. परंतु अतिवृष्टी व दीर्घकाळ टिकणारी दमट हवा यांमुळे ओल्या फोमला बुरशी लागते. पावसाळ्यात गाद्या काढून, उभ्या करून, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पुरात नौका हेच सुटकेचे साधन ठरते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी नौकेत भिजणाऱ्या गाद्या मुळीच नसाव्यात. बंद कोशिकांची गादी बुडणाऱ्यास हाताशी धरता येते. तथापि ती बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवू शकत नाही. ते काम जीवरक्षक जाकिटाचे असून गादी हा त्यास पर्याय नव्हे.