कर्व्ह झालेली मराठी

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, पण त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं पुण्यात. मजकूर इथला आणि छपाई परगावी, ही रीत इतकी जुनी आहे. पुढे तालुक्याच्या गावांत ट्रेडल मशीन आली, जुळारी खिळे जुळवू लागले, मग मिनी ऑफसेट आलं. तरी चार रंगांचं मोठं काम अकोला, जळगाव नाहीतर नागपूरच्या रस्त्याला लागायचंच. आता हस्तलिखिताऐवजी फाइल जाते, आणि फाइल पोहोचली की प्रेसवाल्याचा फोन येतो: “दादा, फॉन्ट येत नाहीये. कर्व्ह करून अकरामध्ये पाठवा.”

अकरा म्हणजे कोरल ड्रॉची २००२ सालची आवृत्ती. कोणी नऊ मागतो, कोणी बारा. नव्या आवृत्तीतली फाइल जुनीत उतरवली की पारदर्शक सावल्या, ग्रेडियंट यांचं काय होईल ते उघडेपर्यंत कळत नाही. पेजमेकर, फ्लॉपी, एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेली सीडी हे सगळं वाचकांना पाठ आहे; त्यावर पानं खर्च करण्यात अर्थ नाही.

फ्लेक्सचंही थोडक्यात. दहा बाय वीस फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला, चार रंगांत, न दाबता टिफ केला तर फाइल ६०० एमबीच्या घरात जाते. तोच जेपेग करून पाठवला तर लांबून कोणाला फरक कळत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांना एवढं पुरतं.

खरं दुखणं फॉरमॅटचं नाहीच, अक्षरांचं आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या पॅकेजेसनी मराठी डीटीपी उभं केलं, हे ऋण मान्य करायलाच हवं. पण त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की लग्नपत्रिकेचा रोमन चिवडा होतो. त्यावरचा उतारा म्हणजे कंट्रोल-क्यू. अक्षराची नुसती रेषाकृती झाली की फॉन्टची गरजच उरत नाही. छपाई बिनधोक होते, पण मजकूर मरतो. मग नवरीच्या मामांचं नाव राहिल्याचं आयत्या वेळी लक्षात आलं, तर मूळ फाइल शोधण्याची पळापळ.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना तर पत्रिकेच्या पहिल्याच अक्षराला ठेच लागते. ‘चि.’मधली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये ‘च’च्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते, युनिकोडमध्ये ती ‘च’च्या नंतर येते. ‘आशीर्वाद’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘वा’ संपल्यावर टाकलेला असतो, युनिकोडला तो ‘व’च्या आधी, ‘र’ आणि हलन्त म्हणून हवा असतो. कन्व्हर्टरनं ही उलटापालट नीट केली तर ठीक, नाहीतर आशीर्वादाचा पार विचका होतो. सगळ्यात जास्त हाल ‘शेतकऱ्यां’चे. त्यातला आडवा अर्धा ‘र’ काही वेळा एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या आधारावर उभा असतो. फाइल या प्रोग्रॅममधून त्यात जाताना ते चिन्ह गळतं आणि ‘शेतकर्यांच्या’ मागण्यांचा बॅनर कापूस बाजारासमोर लागतो. खामगाव-मलकापूरच्या पट्ट्यात हा शब्द ज्या संख्येनं छापला जातो, ते पाहता या एका ‘र’साठी भांडायलाच हवं. ऑपरेटर ‘वाचता येतं ना?’ म्हणून मोकळा होतो. वाचता येतंच, पण ते चूक आहे.

युनिकोडनं सगळं कधीच सोडवलं, असं परिसंवादांतून सांगणारी एक जमात आहे. त्यांनी कधी प्लेट लावलेली नसावी. देवनागरी १९९१ पासून युनिकोडात आहे, पण कोरल ड्रॉ एक्स-६ आणि इनडिझाइन सीएस-६ यांनी जोडाक्षरं धडपणे मांडायला २०१२ साल उजाडलं. मधली वीस वर्षं गावच्या डीटीपीवाल्यानं काय करायचं होतं? दुसरी जमात त्याच्या उलट: श्रीलिपी आणि सीडीआर सोडून छपाईच नाही म्हणणारी. यांच्याकडे आज नवा फॉन्टही आहे आणि नवं सॉफ्टवेअरही. नाही ती फक्त सवय बदलण्याची तयारी.

प्रस्तुत लेखक वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आला आहे. छापखान्याला पीडीएफ/एक्स-१ए द्या. हे मानक २००१ पासून आहे. फॉन्ट फाइलमध्येच बांधलेले, रंग छपाईच्याच शाईंचे, कापणीची रेषा ठरलेली. वरून तीन मिलिमीटरचं ब्लीड सोडा. आणि युनिकोडमधला जिवंत मजकूर घरी वेगळा जपून ठेवा, कारण देवनागरी पीडीएफमधून शब्द परत काढायला गेलं की पुन्हा वेलांट्या भरकटतात.

रंगाचं प्रकरणही इथंच येतं. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीसाठी निघणारी पत्रकं पाहावीत. मोबाइलवर झळकणारा भगवा हा आरजीबीचा उजेड. तो सीएमवायकेत उतरताना विटकरी पडतो. हातानं मॅजेंटा साठ-सत्तर, यलो शंभर आणि बाकी शून्य करून घेतलं की निदान रंग स्वच्छ राहतो. काळ्या मजकुराचं त्याहून वाईट. आरजीबीतला काळा आपोआप बदलला की चार शाईंचा होतो, आणि रजिस्ट्रेशन केसभर सरकलं तरी शिरोरेषेला लाल-निळी किनार दिसते. बारीक अक्षर फक्त काळ्या शाईतच हवं, हे जुन्या ऑफसेटवाल्याला सांगावं लागत नसे.

आता फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, तीही डॉक्युमेंट म्हणून नाही, फोटो म्हणून. कॅनव्हावर केलेली, ब्लीड न सोडलेली. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे. पण ती ओळ अगदी काठावर ठेवलेली असते, आणि कटिंग मशीनला कायदा कळत नाही. पूर्वी ट्रेसिंगवर काढलेलं प्रूफ गिऱ्हाईक टेबलाशी बसून बोट ठेवत वाचायचं. आता अंगठा येतो, प्लेट निघते.

या धबडग्यात सर्वांत आधी वाचवायला हव्यात त्या नव्वदच्या दशकापासूनच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल आणि गावोगावचे विशेषांक. ज्यांच्या फाइली कर्व्ह झाल्या, त्यांचा मजकूर आता छापील पानावरूनच पुन्हा टाइप करावा लागेल. ज्या मूळ रूपात उरल्या, त्या उघडायला जुनं विंडोज, नेमका तोच फॉन्ट आणि पुष्कळदा त्या पॅकेजचा डोंगलही लागतो. काही डोंगल संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लागायचे, आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. म्हणून काही दुकानांत कोपऱ्यातला धुळकट एक्सपी अजून विकलेला नाही. तो चालतोय तोवर त्यातला मजकूर युनिकोडमध्ये काढून घेतला पाहिजे, आणि रफार एकेक करून तपासले पाहिजेत.